डॉक्युमेंटेशन चुकलं की बोट कुणाकडे? नव्या टेक्निकल रायटरसाठी

इन्स्टॉलेशन गाइडमधली सातवी पायरी चालत नाही अशी तक्रार येते आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न पडतो, "हे कुणी लिहिलं?" नवा रायटर तिथेच मान खाली घालतो, कारण पानावर नाव त्याचं असतं. असं करू नका. आधी दोन गोष्टी विचारा: ही पायरी शेवटची कुणी चालवून बघितली होती, आणि ती चालेनाशी होईल असा बदल कुणी केला? या दोन उत्तरांत बहुतेक वेळा खरं कारण सापडतं, आणि ते क्वचितच लिहिणाऱ्याच्या टेबलावर असतं.

जबाबदाऱ्या तीन आहेत आणि त्या तीन वेगळ्या माणसांच्या आहेत. मजकूर खरा आहे का, ही जबाबदारी ज्याने ती गोष्ट बनवली किंवा बदलली त्याची. तो वाचणाऱ्याला सापडतो का, कळतो का, कामाच्या क्रमाने येतो का, ही रायटरची. आणि यातलं काही अपुरं असताना रिलीज, म्हणजे उत्पादनाची नवी आवृत्ती, बाहेर सोडायचं की नाही, ही रिलीजला होकार देणाऱ्याची. रायटर दुसऱ्या जबाबदारीतून सुटत नाही. वाक्य गोंधळाचं असेल, पायऱ्या उलट्यासुलट्या असतील, तर ते काम आपलंच आणि ते आपणच सुधारायचं. पण पहिली आणि तिसरी जबाबदारी गुपचूप अंगावर घेतलीत तर डॉक्युमेंटेशन सुधारणार नाही, फक्त तुम्ही थकाल.

ही विभागणी जुनी आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये कमांडच्या पानावर 'ओनर' असा स्वतंत्र मथळा असे. अडचण आली तर कुणाला विचारायचं ते नाव त्याखाली. नियम असा की ज्याने शेवटचा हात लावला तो मालक, मग मूळ ती गोष्ट कुणीही लिहिलेली असो. 'बग्ज' हा मथळाही पानाच्या ठरलेल्या रचनेतच होता. म्हणजे जे नीट चालत नाही, तेही जे चालतं त्याच्याच शेजारी. आजच्या कित्येक चकचकीत डॉक्युमेंटेशन साइट्सवर यातलं एकही दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

"डॉक्युमेंटेशन ही सगळ्या टीमची जबाबदारी आहे" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही त्यावर लगेच नाव मागा. नाव नसलेलं काम कसं राहून जातं याचं एक उदाहरण विमानवाहतुकीत नोंदलं गेलं आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या फ्लाइट १४३ चं बोइंग ७६७ इंधन संपल्यामुळे दोन्ही इंजिनं बंद अवस्थेत कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवावं लागलं. सगळे वाचले. त्या दिवशी इंधन मोजणारी यंत्रणा बंद होती, म्हणून हिशेब हाताने झाला. लिटरचं वजन काढताना १.७७ हा आकडा वापरला गेला. तो पाउंड प्रति लिटर होता. हे विमान किलोग्रॅमच्या हिशेबाने चालायचं, तिथे सुमारे ०.८ हवा होता. २२,३०० किलो हवं असताना विमानात जवळपास २२,३०० पाउंड इंधन होतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. चौकशीत पुढे आलेली गोष्ट प्रत्येक रायटरने लक्षात ठेवावी. जुन्या विमानांमध्ये हा हिशेब फ्लाइट इंजिनिअर करायचा. नव्या विमानात वैमानिक दोघेच, आणि अशी वेळ आली तर हिशेब कुणी करायचा हे कंपनीने स्पष्टपणे कुणाकडेही सोपवलेलं नव्हतं. आकड्यापुढे एकक नाही आणि कामापुढे नाव नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की हातात कागद असूनही उपयोग होत नाही.

म्हणून टेबलमध्ये "टाइमआउट: ३०" असं लिहून येईल तेव्हा थांबा. सेकंद की मिलिसेकंद? हे तुम्ही अंदाजाने भरायचं नाही. ज्याने तो पर्याय (सेटिंग) लिहिला त्याला विचारायचं आणि कोडमध्ये बघायचं.

आधी दोषाचा प्रकार ठरवा

तक्रार आली की "डॉक्युमेंटेशन वाईट आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. दोष कोणत्या जातीचा आहे यावर तो कुणाकडे न्यायचा ते ठरतं.

जुनं झालेलं पान ओळखणं सोपं असतं. एकेकाळी ते बरोबर होतं, नंतर पर्यायाचं नाव बदललं. हा दोष बदल करणाऱ्याचा, आणि त्याचा बदल डॉक्युमेंटेशनशिवाय मर्ज होऊ देणाऱ्या, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू देणाऱ्या पद्धतीचा. यावर एकच टिकाऊ उपाय आहे. डॉक्युमेंटेशन कोडच्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवा आणि बदल व पान एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मिसळून घेण्याच्या विनंतीत) येऊ द्या. पुल रिक्वेस्टच्या साच्यात "वापरणाऱ्याला दिसणारं काही बदललं का? कोणतं पान?" हा प्रश्न ठेवा आणि "नाही" असं उत्तर असेल तर कारण लिहायला लावा. नुसता टिक करायचा चौकोन ठेवलात तर सगळे डोळे मिटून टिक करतात.

गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर कोडओनर्स फाइल असते. तीत फोल्डरपुढे नाव लिहिलं की त्या फोल्डरमधल्या बदलावर त्या माणसाचा रिव्ह्यू आपोआप मागितला जातो. इथे तीन खड्डे आहेत. एक, ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (मर्जवर अटी घालणाऱ्या सेटिंगमध्ये) कोडओनरचा रिव्ह्यू सक्तीचा केला नाही तर ही फाइल फक्त सूचना देते, मर्ज अडवत नाही. दोन, एकाच फाइलला अनेक ओळी लागू पडत असतील तर सर्वांत शेवटची जुळणारी ओळ चालते. वर नेमकी नावं आणि खाली सगळ्यांसाठी एक ओळ असं लिहिलंत तर वरची नावं निकामी होतात. तीन, एका ओळीत चार नावं दिली तर चौघांपैकी कुणा एकाचा होकार पुरतो, आणि तो एक सहसा सर्वांत घाईत असलेला असतो. डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरसाठी एकच नाव द्या, आणि ते सुट्टीवर असेल तेव्हाचं दुसरं नाव टीममध्ये आधीच ठरवून ठेवा.

सुरुवातीपासूनच चुकीचं असलेलं पान म्हणजे माहिती देणाऱ्याने चुकीची दिली, किंवा रायटरने अंदाजाने भरली. दुसरी गोष्ट अक्षम्य आहे, इतकंच सांगतो.

न सापडणारं पान सर्वस्वी आपलं. वाचणारा एरर मेसेजचे शब्द जसेच्या तसे शोधतो, म्हणून ते शब्द पानावर जसेच्या तसे हवेत. "कनेक्शनसंबंधी समस्या" असा शहाणा मथळा देऊन मूळ मेसेज गाळू नका.

अपुरं पान सर्वांत घातक, कारण त्यात खोटं काहीच नसतं. रिव्ह्यू करणाऱ्याला त्यात चूक दिसत नाही. गाळलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत जे घडलं ते कंपनीने स्वतः सविस्तर प्रसिद्ध केलं, म्हणून ते अभ्यासायला मिळतं. मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणारा दुय्यम डेटाबेस सर्व्हर मागे पडला होता आणि तो पुन्हा भरायचा होता. त्यासाठीची पीजी_बेसबॅकअप ही कमांड चालवल्यावर काहीही न दाखवता थांबून राहायची. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला सुरुवात करेपर्यंत ती वाट बघते, हे तिचं नेहमीचं वागणं. पण ते गिटलॅबच्या रनबुकमध्ये (अशा कामांच्या पायऱ्यांच्या पुस्तिकेत) स्पष्ट नव्हतं आणि कमांडच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येही नव्हतं. इंजिनिअरला वाटलं की आधीची डेटा डिरेक्टरी (डेटाचा फोल्डर) आडवी येते आहे. ती हटवण्याची कमांड दिली गेली, पण मुख्य सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत चूक लक्षात आली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअपकडे धाव घेतली तर तेही नव्हते. बॅकअप घेणारा पीजी_डंप हा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो प्रत्येक वेळी एरर देऊन थांबत होता. अपयश कळवणारे ईमेल पलीकडचा सर्व्हर नाकारत होता, कारण त्यांवर आवश्यक ती डिजिटल सही नव्हती. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत तेवढी सापडली, म्हणून सुमारे सहा तासांचाच डेटा गेला. बॅकअपची पद्धत नियमित का तपासली जात नव्हती, याचं कारण त्या अहवालात सरळ दिलं आहे: तिला मालक नव्हता, त्यामुळे तपासणं कुणाचंच काम नव्हतं. शेवटची कमांड देणाऱ्या माणसावर तिथे दोष ढकललेला नाही. असा अहवाल लिहिणारी कंपनी मिळाली तर तिथे शिकायला मिळतं.

यातून पायरी लिहिण्याची पद्धत घ्या. प्रत्येक पायरीत पाच गोष्टी हव्यात: कोणत्या मशीनवर आणि कोणत्या युजरने, काय द्यायचं, दिल्यावर काय दिसेल, किती वेळ काहीच दिसणार नाही, आणि अपेक्षित ते दिसलं नाही तर काय करायचं. "रेप्लिका (दुय्यम प्रत) पुन्हा तयार करा" ही पायरी नव्हे, ते कामाचं नाव झालं. पायरी अशी हवी: "दुय्यम सर्व्हरवर होस्टनेम तपासा. नाव दुय्यम सर्व्हरचं नसेल तर इथेच थांबा. मग ही कमांड द्या. मुख्य सर्व्हरचा चेकपॉइंट पूर्ण होईपर्यंत, म्हणजे काही मिनिटं, स्क्रीनवर काहीही येणार नाही. या काळात कमांड तोडू नका, डिरेक्टरी हटवू नका." आणि हटवणाऱ्या, पुसणाऱ्या, परत न फिरवता येणाऱ्या प्रत्येक कमांडचा इशारा कमांडच्या आधी द्या. नंतर दिलेला इशारा वाचेपर्यंत माणसाने एंटर दाबलेलं असतं.

"किती वेळ काहीच दिसणार नाही" हे विचारायचं नव्या रायटरला सुचत नाही आणि सांगायचं डेव्हलपरला सुचत नाही. त्याच्या हाताला त्या शांततेची सवय झालेली असते. तुम्ही विचारायलाच हवं.

"बघितलं, ठीक आहे"

आता ज्या सापळ्यात जवळपास प्रत्येक नवा रायटर सापडतो त्याबद्दल. यावर मी जास्त जागा घेणार आहे, कारण याचा त्रास अजून मनातून जात नाही आणि याबद्दल आधी कुणी सांगत नाही.

चाळीस पानांचा मसुदा तयार होतो. सहा जणांना ईमेल जातो: "कृपया शुक्रवारपर्यंत रिव्ह्यू करा." दोघं उत्तर देतात. एक जण स्वल्पविराम आणि एका शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करतो, दुसरा लिहितो, "बघितलं, ठीक आहे." चौघं गप्प. सोमवारी पानाच्या खाली "रिव्ह्यू पूर्ण" असं लागतं. महिन्याभराने सातवी पायरी मोडलेली सापडते. डेव्हलपर म्हणतो, मी फक्त माझा भाग बघितला होता. मॅनेजर म्हणतो, रिव्ह्यू तर झाला होता. आता नाव कुणाचं उरलं ते कळलंच असेल.

इथे कुणी खोटं बोललेलं नाही, म्हणूनच हा सापळा आहे. ज्याला विषय येतो तो मजकूर वाचताना गाळलेल्या जागा स्वतःच्या डोक्यातून भरतो. त्याला पान पूर्ण वाटतं, कारण त्याच्या डोक्यासकट ते पूर्णच असतं. शिवाय चाळीस पानं दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात वाचली जातात. अशा वाचनात स्वल्पविराम दिसतात, चुकलेला डीफॉल्ट (आपण काही न दिल्यास लागू होणारा आकडा) दिसत नाही. तुम्ही मागितला "रिव्ह्यू", त्याने दिलं "वाचन". त्यामुळे मागणंच बदलायला हवं.

एका वेळी तीन-चार पानांहून जास्त पाठवू नका. सोबत "बघून घ्या" असं न लिहिता त्या पानांबद्दलचे नेमके प्रश्न पाठवा, आणि प्रश्न असे घडवा की "हो" म्हणून सुटता येणार नाही. "पायरी ५ बरोबर आहे का?" यावर "हो" येतं. "पायरी ५ मधली कमांड कोणत्या तीन कारणांनी फसू शकते, आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवर काय येतं?" यावर त्याला टर्मिनल उघडावं लागतं. "पोर्ट ८०८० हा डीफॉल्ट आहे का?" याऐवजी "हा डीफॉल्ट कोडमध्ये कोणत्या फाइलमध्ये ठरतो?" असं विचारा. फाइल सापडली की आकडा आपोआप तपासला जातो.

प्रत्येक प्रश्नापुढे एकच नाव. दोन नावं लिहिलीत की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

"मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजूर समजलं जाईल" ही ओळ खूप जण ईमेलमध्ये घालतात आणि काही सीनियर ती शिकवतातही. माझा याला ठाम विरोध आहे. या ओळीने रायटरची पाठ कागदावर सुरक्षित होते, वाचणाऱ्याची होत नाही. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ एकच: तपासलेलं नाही. मग पानावर तसंच लिहा, "हा भाग या आवृत्तीवर तपासलेला नाही", आणि रिलीजला होकार देणाऱ्याला ती यादी रिलीजच्या आधी पाठवा. पान, कुणाकडे अडलं आहे, किती दिवस, चुकलं तर वापरणाऱ्याचं काय होईल, एवढे चार रकाने पुरेत. तक्रारीचा सूर नको. बऱ्याचदा ही यादी गेली की दोन दिवसांत उत्तरं येतात. नाही आली आणि तरीही रिलीज सोडलं गेलं, तर तो निर्णय कुणी घेतला हे लेखी राहतं.

काही जण रिव्ह्यू खरंच होतो का हे बघायला मसुद्यात मुद्दाम चूक पेरतात. कधीही करू नका. ती चूक कुणी पकडली नाही तर छापली जाते, आणि पकडली तर तो माणूस पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

सर्वांत कमी वेळात सर्वांत जास्त देणारी पद्धत म्हणजे अर्धा तास शेजारी बसणं, किंवा स्क्रीन शेअर करून घेणं. डेव्हलपरला तुमचं पान उघडायला सांगा आणि त्यावरच्या पायऱ्या त्यालाच करायला लावा. तुम्ही काही बोलू नका, फक्त बघा. पानावर नसलेली जी जी गोष्ट त्याचा हात करतो ती लिहून घ्या. दुसरी टर्मिनल विंडो उघडली, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट केला, एक इशारा न वाचता बंद केला, सर्व्हिस आधी थांबवली. तुमच्या पानातल्या गाळलेल्या जागा नेमक्या त्याच असतात. शंभर कॉमेंटमधून त्या निघत नाहीत, आणि डेव्हलपरलाही हा अर्धा तास ईमेलपेक्षा कमी कटकटीचा वाटतो.

त्यानंतर नोंद करा. पानाच्या डोक्यावर चार ओळी: मालक, तपासलेली आवृत्ती, तपासणारा, तपासल्याची तारीख. "शेवटचा बदल" ही तारीख यात चालत नाही. काल कुणी एक स्पेलिंग सुधारलं की तीन वर्षं न तपासलेलं पानही ताजं दिसू लागतं आणि वाचणारा फसतो. बदलल्याची तारीख मशीन लावतं, तपासल्याची तारीख माणसाने जबाबदारीने लावायची असते. दोन्ही वेगळ्या ठेवा.

आवृत्ती लिहिताना "नवीनतम" असं लिहू नका. आकडा लिहा, ऑपरेटिंग सिस्टिम लिहा.

अनोळखी माणूस, कोरं मशीन

डेव्हलपरने खरं आहे म्हणून सांगितलं तरी एक चाचणी उरते, आणि ती घडवून आणणं रायटरचं काम आहे. ज्याने हे उत्पादन कधी वापरलेलं नाही अशा माणसाला कोऱ्या मशीनवर पायऱ्या करायला द्या. कोरं म्हणजे खरंच कोरं: नवा कंटेनर किंवा नव्याने उभी केलेली व्हर्च्युअल मशीन, साधे अधिकार असलेला युजर, आधीची कॉन्फिग फाइल नाही, साठवलेले पासवर्ड नाहीत. तुमच्या रोजच्या मशीनवर पायऱ्या चालतात त्या कित्येकदा मागे कधीतरी इन्स्टॉल केलेल्या एखाद्या लायब्ररीच्या जोरावर. तो माणूस अडला की मदत करू नका. कुठल्या ओळीवर थांबला, काय शोधायला गेला, तेवढंच लिहा. त्याने "मीच काहीतरी चुकलो वाटतं" असं म्हटलं तर तिथे पानाची चूक आहे असं धरून चाला.

कोडची उदाहरणं हाताने तपासत बसायची गरज नाही. पायथनमध्ये डॉकटेस्ट आहे: डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं तो चालवतो आणि लिहिलेलं उत्तर व आलेलं उत्तर ताडून बघतो. गो भाषेत उदाहरणाचं फंक्शन लिहून त्याच्या शेवटी अपेक्षित आउटपुट कॉमेंटमध्ये दिलं की टेस्टबरोबर तेही तपासलं जातं. ती आउटपुटची कॉमेंट विसरलात तर उदाहरण फक्त कंपाइल होतं, चालत नाही. रस्ट भाषेत डॉक्युमेंटेशनच्या कॉमेंटमधली उदाहरणं 'कार्गो टेस्ट' ही कमांड चालवते. हे सगळं प्रत्येक मर्जआधी आपोआप चालू द्या, सोबत तुटलेल्या लिंक शोधणारं एखादं साधन. मात्र ही साधनं खोटं पकडतात, अपुरं पकडत नाहीत. त्यासाठी माणूसच लागतो.

कधी उलटंही निघतं: पान बरोबर, उत्पादन चुकीचं. १९९९ मध्ये मंगळाजवळ नष्ट झालेल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या नासाच्या यानाच्या बाबतीत दोन सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीचं स्पेसिफिकेशन न्यूटन-सेकंद हे एकक सांगत होतं, जमिनीवरच्या सॉफ्टवेअरची फाइल मात्र पाउंड-फोर्स-सेकंदात आकडे देत होती. कागद बरोबर होता, त्याप्रमाणे बनलंय का हे पकडलं गेलं नाही. म्हणून पान आणि प्रत्यक्ष वागणं यांत फरक दिसला की लगेच पान बदलून मोकळे होऊ नका. ठरलेलं वागणं कोणतं ते विचारा. उत्पादन चुकत असेल तर बग नोंदवा, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पानावर त्या बगचा उल्लेख ठेवा. नवे रायटर इथे फार भिडस्त असतात. बग नोंदवणं म्हणजे कुणावर आरोप करणं नव्हे.

शॉर्टकट आणि सीनियर

कोडमधून आपोआप तयार होणारी रेफरन्स पानं हवीतच, पण तेवढ्यावर "डॉक्युमेंटेशन झालं" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यात प्रत्येक फंक्शनचं नाव मिळतं, कोणतं कधी वापरायचं ते मिळत नाही. ते ठरवणाऱ्या माणसाकडूनच ते यावं लागतं.

एआयकडून मसुदा घेणं आता सर्रास आहे. वाक्य नीट करायला, उतारा छोटा करायला जरूर वापरा. पण त्याला माहीत नसलेली जागा तो रिकामी ठेवत नाही, तिथे खराखुरा वाटणारा पर्याय लिहितो. असं पान वाचायला इतकं गुळगुळीत असतं की रिव्ह्यू करणाराही घसरतो. एकच नियम पाळा: जी कमांड तुम्ही चालवलेली नाही आणि ज्याचं नाव तुम्ही कोडमध्ये बघितलेलं नाही, ते पानावर जाणार नाही. "एआयने लिहिलं होतं" हे उत्तर कुणी मान्य करत नाही, आणि करूही नये.

ज्या विकीवर कुणीही कधीही बदल करू शकतं, तिथे वर्षभरात एकाच कामाची तीन पानं तयार होतात आणि तिन्ही थोडी थोडी चुकीची असतात. विकी वापरायचाच असेल तर पान बंद करण्याचा अधिकार एका माणसाला द्या. जुनं पान ठेवून देण्याचा मोह फार वाईट.

सीनियर दोन प्रकारचे भेटतील. एक जण तुमचा मजकूर स्वतःच दुरुस्त करून पुढे पाठवतो. पान चांगलं होतं, तुम्ही आहात तिथेच राहता. दुसरा एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारतो, "हे तुला कसं कळलं?" पहिले काही आठवडे त्याचा राग येतो. त्यालाच धरून राहा. त्याच्या प्रश्नाला "कोडमध्ये बघितलं", "चालवून बघितलं" किंवा "अमुक व्यक्तीने अमुक तारखेला सांगितलं" यातलं एक उत्तर देता यायला लागलं की तुमची पानं मोडायची थांबतात.

आणि घाबरू नका. उत्पादन आतून-बाहेरून माहीत असणं ही रायटरकडून पहिल्या दिवशीची अपेक्षा नाही. उलट पहिल्या महिन्यात तुम्हाला जे कळत नाही, ते बाहेरच्या वाचकालाही कळत नसतं, आणि ते टीममध्ये दुसऱ्या कुणालाच दिसत नाही. त्या महिन्यात जिथे जिथे अडलात ती प्रत्येक जागा एका फाइलमध्ये लिहून ठेवा: कोणतं पान, कोणती ओळ, काय गृहीत धरलेलं होतं. तीन महिन्यांनी त्या जागा तुम्हालाही दिसेनाशा होतील. मूर्ख प्रश्न विचारतोय असं वाटणं स्वाभाविक आहे, तरी विचारा. दहा प्रश्नांतल्या एकाला डेव्हलपर "थांब, बघून सांगतो" म्हणाला, तर त्या एका प्रश्नात तुमचं आठवड्याचं काम झालं.

तुमच्या पानाबद्दल तक्रार आली की क्रम असा ठेवा. आधी कोऱ्या मशीनवर ती चूक पुन्हा घडवून बघा. मग प्रकार ठरवा: जुनं, चुकीचं, अपुरं, न सापडणारं, की उत्पादनाचाच बग. पान त्याच दिवशी दुरुस्त करा, दोष कुणाचाही असो, कारण वाचणारा तिथे अडलेला आहे. त्यानंतर ही चूक कोणत्या टप्प्यावर अडायला हवी होती ते टिकेटमध्ये (तक्रारीच्या नोंदीत) एका ओळीत लिहा: "पर्यायाचं नाव बदललं तेव्हा डॉक्युमेंटेशनचा प्रश्न 'नाही' म्हणून सोडला गेला", "पायरी ७ कोऱ्या मशीनवर तपासली नव्हती." माणसाचं नाव लिहू नका, टप्प्याचं लिहा. अशा पंधरा-वीस ओळी जमल्या की कोणतं दार उघडं राहतंय ते मॅनेजरला दाखवता येतं, आणि तेव्हा तो ऐकतो.

नोकरीच्या मुलाखतीत तुम्हालाही प्रश्न विचारायचा हक्क आहे. विचारा की डॉक्युमेंटेशन अपुरं आहे म्हणून रिलीज कधी थांबवलं गेलं आहे का, आणि ते थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे. विचारा की डेव्हलपरचं काम "पूर्ण" कधी धरतात आणि त्यात डॉक्युमेंटेशनचा उल्लेख आहे का. विचारा की रायटरला चाचणीसाठी स्वतःचं मशीन आणि कोड वाचायची परवानगी मिळते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं, तर तिथे खरेपणाची जबाबदारी तुमच्यावर टाकली जाईल आणि तपासायचं साधन मात्र मिळणार नाही. पगार चांगला असला तरी अशा ठिकाणी पहिली नोकरी घेऊ नका. घ्यावीच लागली, तर रुजू होण्याआधी ती परवानगी लेखी मागून घ्या.